समुद्राला गोडं पाणी

ज्या गावात पाहुण्यांना जेवायला कधी बोलवायचं हे नळाच्या दिवसावर ठरतं, त्या गावात माझ्या धाकट्या भावानं घरात समुद्र आणला. लातूरला. तिथं नळ एकदा येऊन गेला की पुढचा कधी येईल हे कुणीच छातीठोकपणे सांगत नाही, आणि उन्हाळ्यात गल्लीत टँकर शिरला की एरवी इस्त्रीचे कपडे घालून फिरणारी माणसंही बादल्या घेऊन पळतात. अशा ठिकाणी यानं पुढच्या खोलीत भिंतीला लागून काचेची मोठी पेटी मांडली, तिच्यात खारं पाणी भरलं आणि त्यात प्रवाळ जगवायला घेतली. मी नांदेडला असते. फोनवर ऐकलं तेव्हा म्हटलं, "अरे, लग्न कर म्हटलं तर मासे आणलेस?" तो म्हणाला, "अक्का, मासे दोनच आहेत. बाकीचे दुसरे प्राणी आहेत." जणू एवढ्यानं माझं समाधान होणार होतं.

आम्ही दोघंच भावंडं. वडील आम्ही शिकत असतानाच गेले. मी ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, तो लातूरला क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायचा. लातूरचे क्लास म्हणजे उजाडायच्या आत सुरू आणि पोरं बाकावर पेंगायला लागली की बंद. दिवसभर बोलून त्याच्या घशात कायमची खरखर बसली होती. घरी आला की तो कुणाशी बोलत नसे. चपला काढायचा, थेट पेटीपुढे जाऊन बसायचा. आई चहा आणून ठेवायची आणि तो निवून जायचा. आई मूळची देगलूरची. इतकी वर्षं लातुरात काढूनही तिचं बोलणं तसंच राहिलं आहे. ती शेजारपाजारी सांगायची, "पोरगं समुद्र बघत बसतंय, अन् मी त्याला बघत बसते." पेटीला समुद्र म्हणायला तिनंच सुरुवात केली. थट्टेनं म्हणायची, पण मग तेच नाव पडलं. समुद्राला पाणी घातलं का, समुद्राचा लाईट बंद कर, असं आमच्या घरात सहज बोललं जायचं.

माझा पहिला राग पाण्यावरून होता. समुद्र करायला नळाचं पाणी तसंच चालत नाही. नळाला ब्लीचिंगचा वास असतो. आपल्याला तो नुसता नाकाला लागतो, प्रवाळाला भाजून काढतो. बोअरचं तर विचारूच नका, त्यानं आमच्या बादल्यांना आतून पांढरा थर धरलेला. म्हणून त्यानं मोरीच्या भिंतीवर आरओचा फिल्टर बसवला होता, पिण्याच्या फिल्टरपेक्षा एक नळकांडं जास्त असलेला. त्यातून थेंब थेंब अगदी निव्वळ पाणी निळ्या प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये जमा व्हायचं. पण जेवढं निव्वळ पाणी मिळतं त्याच्या कितीतरी पट पाणी दुसऱ्या नळीनं बाहेर पडतं. हे कळल्यावर मी लातूरला गेले ती भांडायच्या तयारीनंच गेले. बघते तर त्या दुसऱ्या नळीखाली टिपाड मांडलेलं. आईची भांडी, फरशी, संडास, शेजारणीचा कूलर, सगळं त्याच्यावर चाललेलं. थेंब वाया जात नव्हता. मी भांडण पिशवीतच ठेवलं आणि जेवायला बसले.

जेवण झाल्यावर त्यानं मला धडा दिला. मी रसायनशास्त्राची बाई, पण त्याला शिकवायची खोडच होती. मीठ पेटीत कधीच थेट टाकायचं नाही. वेगळ्या बादलीत निव्वळ पाणी घ्यायचं, त्यात हैदराबादहून मागवलेलं समुद्राचं मीठ टाकायचं, लहानसा पंप सोडून दिवसभर ते फिरत ठेवायचं. मग दुर्बिणीसारखी एक छोटी नळी होती, तिच्या काचेवर पाण्याचा थेंब ठेवून उजेडाकडे धरायची. आत वर निळं, खाली पांढरं दिसतं आणि दोन्हीमधली रेघ ज्या आकड्यावर येते तो खारेपणा. हा आकडा हलला की प्रवाळ मिटून घेतात. पेटीच्या काचेवर त्यानं लाल नेलपॉलिशची एक आडवी रेघ मारली होती. नेलपॉलिश कुणाचं म्हणून मी विचारलं, तर शेजारणीच्या मुलीचं निघालं. लातूरच्या उन्हात पेटीतलं पाणी रोज बोटभर उडून जातं. उडतं ते फक्त पाणी, मीठ आतच राहतं. म्हणून रोज त्या रेघेपर्यंत भर घालायची ती गोड्या पाण्याची.

आई भिंतीला टेकून ऐकत होती. म्हणाली, "म्हंजी आमटीवानी. आटली की खारट व्हती. मग तिच्यात परत मीठ घालत न्हाईत, आधण घालतेत."

"हाव," तो म्हणाला. "आता उद्यापासून क्लास तू घे."

त्या दिवशी पेटीतली सगळी फुलं उघडलेली होती. फुलं हा आईचा शब्द. ती फुलं नाहीत, प्राणी आहेत, हे त्यानं तिला पुष्कळदा सांगितलं आणि तिनं प्रत्येक वेळी मान डोलावून परत फुलंच म्हटलं. मधल्या दगडावर एक मोठं पिवळसर प्रवाळ होतं. दिवा लागला की त्याची शेकडो बोटं बाहेर यायची आणि पाण्यासोबत हलायची. त्याला ती शेवंती म्हणायची. बाजूला बटणांएवढी हिरवी-जांभळी तोंडं, काचेवर गोगलगाई, दगडाआड एक लाल कोळंबी, आणि पट्ट्यापट्ट्यांचं नारिंगी माशांचं जोडपं. सून आली नाही घरात, पण जोडपं आलं, असं आई म्हणायची. हे म्हणताना ती हसायची, तरी ते तिला लागलेलं होतं.

तो गेला तो क्लासच्या जिन्यात. तास संपवून खाली उतरत होता, मध्येच पायरीवर बसला. पोरांना वाटलं सर दमले. कुणीतरी पाण्याची बाटली आणून दिली आणि ती त्यानं हातात धरली, एवढंच मला कळलं. मी नांदेडहून पोचले तेव्हा त्याला घरी आणलेलं होतं. पुढच्या खोलीत ठेवायला जागा करायची म्हणून लोकांनी दिवाण उचलून अंगणात नेला होता, पण समुद्र कुणाला हलवता आला नाही. तो तसाच चालू होता, निळ्या उजेडात, पंपाच्या बारीक आवाजासकट. भाऊ खाली आणि त्याच्या डोक्याशी ते मासे फिरताहेत, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. जावं असंही मला वाटत नाही.

दहा दिवस खोलीत दिवा आणि पाण्याचा पेला होता. दहाव्याला चुलतभावानं नदीवर जाऊन त्याच्या नावानं पाणी सोडलं. बायकांनी जायचं नसतं म्हणून आई घरीच बसून होती. पेला उचलला तेव्हा तिनं विचारलं, "आता त्याला पाणी कोन देनार?" जमलेल्या बायकांपैकी कुणीतरी म्हणालं की वर्षश्राद्धाला देतात. आई म्हणाली, "वरसाला एकदा? लेकराला?"

तेराव्याचं जेवण आटपल्यावर पेटीचा विषय निघाला. मावशी म्हणाली, विकून टाका. चुलतभाऊ म्हणाला, एवढी वीज, एवढं पाणी, कुणी करायचं हे. खरं तर माझ्याही मनात तेच होतं. मी आईला म्हटलं, तू नांदेडला चल, घराला कुलूप लावू. आई म्हणाली, "मी कुटं येत न्हाई. त्याचं हाय ते. जित्तं हाय अजून. मी करते."

आणि तिनं केलं. आम्ही कामं वाटून घेतली. मी दर शनिवारी कॉलेज सुटलं की लोहा-अहमदपूरवरून जाणारी एसटी धरायची. रविवारी मीठ कालवून थोडं पाणी बदलायचं, नळीतून आकडा बघायचा, काचा पुसायच्या आणि सोमवारची पहिली गाडी पकडायची. रोजची भर घालायचं काम आईकडे. मी तिला मोरीतला फिल्टर दाखवला, पाणी मोजायचं पेनासारखं यंत्र दाखवलं. ते पाण्यात धरलं की आकडा येतो. नळाच्या पाण्यात मोठा, जारच्या पाण्यात लहान, आणि या फिल्टरच्या पाण्यात शून्य यायला पाहिजे. तिला ते यंत्र फार आवडलं. रोज सकाळी माझा वर्ग सुरू व्हायच्या आत तिचा फोन यायचा. "शून्य आलं गं." नळीतून बघायला मात्र तिला जमलं नाही. मोतीबिंदू होता. तरी डोळा लावायची आणि म्हणायची, "दिसून राहिलं, बरोबर हाय."

मला हे सांगायला बरं वाटतं की ते दोन-तीन महिने चांगले गेले. चांगले म्हणजे जेवढे जाऊ शकतात तेवढे. आई उठायला लागली. वेणी घालायला लागली. शेजारणीला बोलावून शेवंती दाखवायला लागली. एका शनिवारी गेले तर देवघरातला तांब्याचा हंडा लखलखत होता. तो हंडा तिच्या आईनं तिला लग्नात दिलेला, देगलूरहून आलेला. भाऊ गेल्यापासून तो काळा पडून कोपऱ्यात होता. चिंच आणि मीठ लावून तिनं तो असा घासला होता की त्यात माझं तोंड दिसावं. मी मनात म्हटलं, चला, आई परत घरात आली. सोमवारी परतीच्या एसटीत मी भाऊ गेल्यानंतर पहिल्यांदा शांत झोपले.

मग गोगलगाई पडायला लागल्या. काचेवरून सुटून खाली वाळूत उलट्या पडायच्या आणि तशाच राहायच्या. मला वाटलं उन्हानं असेल. पुढच्या रविवारी कोळंबी दिसली नाही. दगडाआड शोधली तर तिचं नुसतं टरफल सापडलं. बटणांनी तोंडं मिटली. शेवंती उघडायची, पण अर्धीच, आणि तिची बोटं आखडून जायची. मासे मात्र ठणठणीत होते, खायला टाकलं की वर धावून यायचे. मी सगळं मोजलं. खारेपणा बरोबर. भावाच्या कपाटात तपासायच्या बाटल्या होत्या, त्या एकेक काढून बघितल्या, सगळं जिथल्या तिथं. पोरांना तावातावानं शिकवणारी मी, त्या पेटीपुढे गुडघे टेकून बसले आणि मला काही सुचेना.

आई दाराशी उभी होती. "माझ्या हातून काही व्हऊन राहिलं का गं?" तिनं विचारलं.

"छे," मी म्हणाले. "लाईट जाते ना सारखी. पंप बंद पडतो."

तेव्हा मी खोटं बोलत नव्हते. मला खरंच तसं वाटत होतं.

भावाला मीठ पाठवणाऱ्या हैदराबादच्या दुकानदाराला मी फोन केला. मी त्याला कधी पाहिलेलं नाही. भाऊ गेल्याचं सांगितलं तेव्हा तो फोनवर नुसता श्वास घेत राहिला होता, म्हणून मला तो आपला वाटतो. या वेळी सगळं ऐकून तो त्याच्या दखनीत म्हणाला, "आपा, घोंगे पैले गए क्या? मछलियां अच्छे हैं?" मी म्हटलं, हो, गोगलगाई आधी गेल्या, मासे बरे आहेत. तो म्हणाला, मग पाण्यात तांबं उतरलंय. माशांना ते थोडं थोडं सोसतं, बिनकण्याच्या जिवांना सोसत नाही. तांबं उडूनही जात नाही, मिठासारखंच आत साठत राहतं. घरात तांब्याचं काय आहे ते बघा.

मी पंपाच्या वायरी बघितल्या. दिव्याचे खिळे बघितले. मग एकदम वाटलं, कुणी नाणं टाकलं असेल. आमच्याकडची माणसं गोदावरीच्या पुलावरून जाताना एसटीच्या खिडकीतून नाणं टाकतात. मावशीनं समुद्र म्हणून हात जोडून टाकलंही असेल. मी बाहीपर्यंत हात घालून सगळी वाळू चाळली. नाणं निघालं नाही. आई म्हणाली, "का शोधून राहिलीस?" मी म्हटलं, काही नाही. हंडा माझ्या पाठीमागे दहा पावलांवर होता.

दुसऱ्या दिवशी सोमवारची सुट्टी होती म्हणून मी थांबले होते. सकाळी जाग आली ती आईच्या आवाजानं. ती कुणाशी तरी बोलत होती. मी दाराच्या फटीतून पाहिलं. आंघोळ करून, ओल्या केसांना गाठ मारून ती पेटीपुढे उभी होती. शेजारी स्टुलावर तो लखलखीत हंडा. ती तांब्यानं त्यातलं पाणी घेत होती आणि उजव्या हातानं, अगदी बारीक धारेनं, समुद्रात सोडत होती. आणि त्याच्याशी बोलत होती. "आज नळ येनार हाय म्हनतेत. अक्का थांबली हाय आज, भाकर करते तिच्यासाठी. तू पी." धार रेघेपर्यंत आली तशी तिनं हात आवरला, तांब्या हंड्यावर पालथा घातला आणि पदराला हात पुसले.

मग तिनं मला पाहिलं. लाजली. म्हणाली, "प्लॅस्टिकच्या डब्यातलं पानी कसं घालू त्याला? वास येतो. राती हंड्यात भरून ठिवते. तांब्यातलं पानी लई सुद्ध असतंय."

मी रसायनशास्त्र शिकवते. ते निव्वळ पाणी, ज्यात काहीच नसतं, ते भुकेलं असतं. ज्या भांड्यात ठेवाल त्यातलं थोडं उचलून घेतं. आणि हे भांडं रोज चिंचेनं घासून उघडं केलेलं. रात्रभर. दोन-तीन महिने. शून्य ती ड्रममधल्या पाण्याचं बघायची, हंड्यातल्या नाही. पिणाऱ्या माणसाला त्या पाण्यानं काही होत नाही, आपल्या कितीतरी पिढ्या ते पाणी पीत आल्या. पण शेवंतीला, बटणांना, गोगलगाईंना ती रोज सकाळी तिच्या हातानं, तिच्याजवळ होतं त्यातलं सगळ्यात चांगलं पाणी पाजत होती आणि ते त्यानंच मरत होते. हे सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात जुळलं. मी पाणी घेण्याचं निमित्त करून मोरीत गेले, नळ नसताना नळाखाली हात धरून उभी राहिले आणि रडले.

तिला सांगणं मला शक्य नव्हतं. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं का, मला माहीत नाही. मुलगा गेला तेव्हा ती म्हणाली होती, मी त्याच्या छातीला हात लावून बघायला पाहिजे होतं, मला कळायला पाहिजे होतं. अशा बाईला, हेही तुझ्याच हातून, असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? आणि न सांगावं तर हंडा रोज भरला जाणार. उरलीसुरली शेवंती वाचवायची तर हंडा त्या घरातून जायला हवा होता, आणि का, ते तिला कळायला नको होतं. दुपारपर्यंत मी विचार केला. मग भाकरी खाता खाता म्हणाले, "आई, तो हंडा मला देशील?"

तिचा घास हातातच राहिला. "आता?"

"हो. नांदेडला नेते. आज्जीचा आहे, मला हवा आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या नजरेत काय होतं ते मी वाचलं, वाचता येऊ नये असं वाटत असतानाही. पोरगं जाऊन वरीस झालं नाही अन् पोरगी भांड्यावर आली. ती म्हणाली, "मी मेल्यावर नेशील की माय. तुलाच हाय सगळं. दुसरं कोन हाय आता?"

"मला आत्ताच पाहिजे," मी म्हणाले. मला एवढ्या कोरड्या आवाजात बोलता येतं हे मला तेव्हा कळलं.

तिनं हात धुतले. हंडा रिकामा केला, आतून पुसला, जुन्या लुगड्यात गुंडाळला आणि दाराशी आणून ठेवला. "ने," म्हणाली. बसस्टँडपर्यंत ती नेहमी सोडायला येते, त्या दिवशी आली नाही. रिक्षावाल्यानं विचारलं, काय लग्नाचं सामान का ताई? मी हो म्हटलं.

पुढच्या रविवारी मी पेटीतलं बरंचसं पाणी बदललं. दोन ड्रम भरायला नळ पुरेना, टँकर बोलावला, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त पाणी शेजारच्या चार घरांत वाटून टाकलं. दुकानदारानं तांबं शोषून घेणारी पूड जाळीच्या पिशवीत घालून पाठवली होती. आईनं विचारलं तर कोळसा आहे म्हणून सांगितलं. ती आता ड्रममधलं पाणी प्लॅस्टिकच्या मगानं घालायची. पटकन, एका दमात, भांड्यात पाणी ओतावं तसं. घालताना बोलत नसे. सकाळचा फोन यायचा, पण नुसता "शून्य" म्हणायची आणि ठेवायची.

उशीर झाला होता. दुकानदार म्हणाला, तांबं दगडात मुरलंय, ते आता तिथून हळूहळू सुटत राहणार. बटणं एकेक करून विरघळली. शेवंती सगळ्यात शेवटी गेली; एका शनिवारी मी पोचले तेव्हा मधल्या दगडावर नुसता करडा चिकट थर होता आणि खोलीला वास येत होता. आईनं खिडक्या उघडल्या होत्या. मी दगड धुतला आणि परत ठेवला. दोघं मासे त्याच्याभोवती फिरत राहिले, आणि अजूनही फिरतात.

आई दिवाळीला नांदेडला आली. माझ्या स्वयंपाकघरात माळ्याच्या कडेला तो हंडा होता. मी तो कधी वापरला नाही, घासलाही नाही. काळा पडला होता, आणि आत दोन-तीन हिरवे डाग. तिनं तो खाली काढायला लावला, मांडीवर घेतला आणि आतून हात फिरवला.

"नुसता पाडून ठिवलास," ती म्हणाली. "एवढी घाई करून नेलास अन्."

मी कांदा चिरत राहिले.

"राग न्हाई माझा," ती पुढे म्हणाली. "पन सांगून ठिवते. हंडा व्हता तवर फुलं व्हती बग. थोडी मिटली व्हती, पन व्हती. तू हंडा नेलास अन् मग गेली सगळी. त्याला हंड्यातल्या पान्याची सवय झाली व्हती. प्लॅस्टिकचं न्हाई सोसलं त्याला."

बोलायला माझ्याकडे सगळं होतं. तांबं, चिंच, भुकेलं पाणी, सगळं मी फळ्यावर मांडून दाखवू शकले असते. तिनं माझ्याकडे मान वर करून पाहिलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तिचे डोळे फार स्वच्छ झाले आहेत.

"हो आई," मी म्हणाले. "माझंच चुकलं."

"जाऊ दे," ती म्हणाली. "तुला काय ठाऊक."

मग तिनं माझ्याकडून चिंच मागून घेतली. मोरीत बसून, मीठ टाकून, हंडा आतून-बाहेरून घासला. हिरवे डाग निघेपर्यंत घासला. फिल्टरखाली धरून भरला आणि फडक्यानं झाकून ओट्यावर ठेवला. सकाळी मी उठले तेव्हा ती तांब्या घेऊन माझ्या उशाशी उभी होती. "घे. त्याला लई आवडायचं ह्याच्यातलं पानी, लहान असताना," ती म्हणाली. मी उठून बसले, तांब्या दोन्ही हातांत धरला आणि सगळं पाणी प्यायले.